विंडोज उडाली तर काय करायचं: डेटा काढण्यापासून टॅली पुन्हा सुरू होईपर्यंत

मशीन सुरू होत नाही म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: "फॉरमॅट मारून टाका." कोल्हापुरात उद्यमनगरातलं वर्कशॉप असो, मार्केट यार्डातली अडत असो की राजारामपुरीतला क्लास, सगळीकडे हेच ऐकायला मिळतं. विंडोज टाकणं हे तासाभराचं काम आहे. खरा वेळ जातो तो नंतर टॅलीचा डेटा, डिजिटल सहीचं टोकन, कोरलचे फॉन्ट आणि डॉट मॅट्रिक्सचा कागद जागेवर आणण्यात. आणि जे आधी काढून ठेवलेलं नसतं, ते कितीही वेळ घातला तरी परत येत नाही. म्हणून या लेखात फॉरमॅटपेक्षा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कामाला जास्त जागा दिली आहे.

आधी बिघाड कुठे आहे ते बघा

विंडोज बिघडली असं वाटत असतं, पण दोष वेगळ्याच जागी निघतो. डिस्क खराब असेल तर त्याच डिस्कवर नवी विंडोज टाकून महिनाभरात पुन्हा तीच वेळ येते, आणि फॉरमॅटच्या धक्क्याने उरलासुरला डेटाही जातो.

हार्ड डिस्कमधून ठरावीक अंतराने टक-टक आवाज येत असेल तर मशीन लगेच बंद करा आणि पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. डिस्कच्या आतलं हेड निकामी झाल्याचं ते लक्षण आहे. प्रत्येक वेळी चालू करताना पृष्ठभागावर ओरखडे वाढतात. डेटा मोलाचा असेल तर ती डिस्क डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्यावी.

आवाज नाही, पण मशीन अतिशय हळू चालत होतं आणि फाइल उघडताना अडकत होतं, तर डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, वाचा. विंडोज चालू होत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम पुरतो. हार्ड डिस्क असेल तर 'रीअलोकेटेड सेक्टर्स', 'करंट पेंडिंग सेक्टर' आणि 'अनकरेक्टेबल सेक्टर' या तीन ओळी बघायच्या. त्यापुढचा आकडा शून्य नसेल आणि दर आठवड्याला वाढत असेल तर डिस्क बदलायची, चर्चा नको. एसएसडी मात्र बऱ्याचदा कसलीही सूचना न देता एका दिवसात जाते, त्यामुळे तिथे 'गुड' लिहिलेलं दिसलं तरी निर्धास्त राहू नका.

स्क्रीनवर काहीच येत नाही, नुसता बीप येतो किंवा पंखा फिरून थांबतो, तर रॅम काढा. तिची पिवळी पट्टी पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कोरड्या कापडाने कण झटका आणि पुन्हा घट्ट बसवा. हे करण्याआधी वायर काढून पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत ही तक्रार हमखास वाढते. मधूनच निळी स्क्रीन येते आणि दर वेळी कोड वेगळा असतो, तेव्हाही संशय आधी रॅमवर घ्यावा. मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एकही चूक दाखवली तरी ती रॅम बाद.

मशीनचं घड्याळ कित्येक वर्षं मागची तारीख दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपला आहे. सेल संपला की बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामच्या, सेटिंग्ज मूळ पदावर जातात, बूटचा क्रम बदलतो, डिस्क चालवायचा मोड एएचसीआय आणि रेड या दोन पद्धतींत उलटा होतो, आणि विंडोज 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून निळी पडते. नवा सेल घालून मोड पूर्वीचा केला की तीच विंडोज पुन्हा उठते. फॉरमॅटची गरजच नसते.

फाइलींच्या नावांपुढे विचित्र अक्षरं लागली असतील आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैशाची मागणी करणारी चिठ्ठी दिसत असेल, तर तो रॅन्समवेअर. नेटवर्कची वायर आधी उपटा. बॅकअपची डिस्क त्या मशीनला चुकूनही लावू नका, तीही लॉक होईल.

फॉरमॅट न करता सुटणारे प्रकार

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली होती. त्यावरचा इलाज होता सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढून टाकणं. ज्यांनी घाईने फॉरमॅट केलं असेल त्यांनी फुकट डेटा घालवला.

विंडोज सुरू होताना लागोपाठ तीनदा पॉवर बटणाने बंद पडली की चौथ्यांदा दुरुस्तीची निळी पाटी आपोआप येते. तिथे 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'. याच क्रमाने जा: आधी 'स्टार्टअप रिपेअर'. मग 'अनइन्स्टॉल अपडेट्स', विशेषतः अपडेट चालू असताना वीज गेली असेल तर. मग 'सिस्टिम रिस्टोअर'. हे तिन्ही तुमच्या फाइलींना हात लावत नाहीत.

विंडोज उघडते पण वेडीवाकडी चालते, स्टार्ट मेनू उघडत नाही, अपडेट होत नाही, अशा वेळी सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी वापरला जाणारा मार्ग म्हणजे विंडोजवर विंडोज चढवणं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजची आयएसओ फाइल (इन्स्टॉलची पूर्ण डिस्क एकाच फाइलीत) उतरवा, तिच्यावर डबल क्लिक करा आणि आतलं सेटअप चालवा. 'कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स' निवडलं की सिस्टिमच्या सगळ्या फाइली नव्या होतात, पण टॅली, ऑफिस, प्रिंटर सगळं जिथल्या तिथे राहतं. सी ड्राइव्हमध्ये निदान २५ जीबी मोकळी जागा ठेवा.

'रीसेट धिस पीसी' मधला 'कीप माय फाइल्स' हा पर्याय मात्र नीट समजून घ्या. तो युझरच्या फोल्डरमधल्या फाइली ठेवतो आणि बाहेरून टाकलेले सगळे प्रोग्राम काढतो.

डेटा कसा आणि कुठून काढायचा

फॉरमॅट करायचंच ठरलं, तर आता इथे वेळ द्या. "माझं सगळं डी ड्राइव्हला आहे" असं बहुतेक जण ठामपणे सांगतात, आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे तिन्ही सी मध्येच असतात हे विसरतात.

विंडोज उठतच नसेल तर तीन मार्ग आहेत. पहिला, लिनक्स मिंट किंवा उबुंटूचा पेन ड्राइव्ह करून त्यावरून मशीन चालू करणं. डिस्कवर काहीही न टाकता तो रॅममधूनच चालतो, तुमचे ड्राइव्ह फोल्डरसारखे दिसतात आणि बाहेरच्या डिस्कवर कॉपी करता येतात. दुसरा, डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावणं. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते, डेस्कटॉपच्या साडेतीन इंचीला वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, आणि एम.२ ची, म्हणजे लहान पट्टीसारख्या एसएसडीची, केस घेताना आपली एसएसडी साटा आहे की एनव्हीएमई (जोडणीचे दोन प्रकार) हे बघूनच घ्या. तिसरा मार्ग काहीच हाताशी नसताना कामी येतो: विंडोजच्या इन्स्टॉलच्या पेन ड्राइव्हवरून बूट करा, पहिल्या पाटीवर शिफ्ट आणि एफ १० दाबा, काळ्या खिडकीत नोटपॅड उघडा, 'फाइल', 'ओपन' करून खाली 'ऑल फाइल्स' निवडा. आता ती खिडकीच फाइल मॅनेजरसारखी वापरता येते, राइट क्लिक करून कॉपी-पेस्ट होतं.

या तिन्ही वेळी लॅपटॉप ४८ अंकी किल्ली मागू शकतो. ती बिटलॉकरची रिकव्हरी की. विंडोज ११ च्या पुष्कळ लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीने कुलूपबंद, झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. मोबाइलवरून त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन केलं की 'डिव्हायसेस' मध्ये किल्ली सापडते. लॅपटॉप घेताना दुकानदाराने स्वतःच्याच मेल आयडीवर सुरू करून दिला असेल तर किल्लीही त्याच्याच अकाउंटला असणार. आधी त्याला गाठा. किल्लीशिवाय तो डेटा कोणीही काढू शकत नाही.

नुसते फोटो आणि एक्सेलच्या फाइली घेऊन थांबू नका. टॅलीप्राइमचा डेटा साधारणपणे सी ड्राइव्हमधल्या युझर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा या फोल्डरमध्ये असतो, आणि आत प्रत्येक कंपनीचा नुसत्या आकड्यांच्या नावाचा एक फोल्डर दिसतो. कंपनीचं नाव कुठेच नसल्यामुळे हे फोल्डर कचरा समजून सोडले जातात. पूर्ण 'डेटा' फोल्डर उचला. आउटलुक वापरत असाल तर डॉक्युमेंट्समधला 'आउटलुक फाइल्स' फोल्डर घ्या, कित्येक वर्षांची मेल त्या एका पीएसटी फाइलीत असते. छापखाना किंवा डीटीपीचं काम असेल तर विंडोजमधला फॉन्ट्स फोल्डर पूर्ण घ्या. काही फॉन्ट युझरच्या ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स या लपलेल्या जागीही असतात. लपलेले फोल्डर दिसतील असं सेटिंग केल्याशिवाय ते सापडत नाहीत. ब्राउझरचे पासवर्ड गुगल अकाउंटला सिंक होत होते का ते मोबाइलवर खात्री करून घ्या.

१०० जीबी डेटा यूएसबी ३ वरून साध्या हार्ड डिस्कवर जायला साधारण २० मिनिटं, यूएसबी २ वरून तासभर लागतो. लहान लहान फाइली लाखोंनी असतील तर याच्या कित्येक पट. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरची साइज आणि फाइलींची संख्या ताडून बघा, आणि चार-पाच फाइली दुसऱ्या मशीनवर उघडूनच बघा.

शक्य असेल तर सरळ नवी एसएसडी घाला आणि जुनी डिस्क तशीच बाजूला ठेवा. विसरलेली फाइल आठवते ती पंधरा दिवसांनी, जीएसटी रिटर्न भरताना. एसएसडीवर फॉरमॅट झाल्यावर ट्रिम नावाची प्रक्रिया जुना डेटा आतून पुसून टाकते, त्यामुळे रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरला सहसा हाती काही लागत नाही.

शेवटचं: कॉम्प्युटरचं नाव, आयपी पत्ता, शेअर केलेल्या फोल्डरची नावं, प्रिंटरचं मॉडेल आणि विंडोजची आवृत्ती, म्हणजे होम, होम सिंगल लँग्वेज की प्रो, हे वहीत लिहून घ्या. मोबाइलने स्क्रीनचे फोटो काढले तरी चालेल.

पेन ड्राइव्ह आणि इन्स्टॉल

निदान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या, त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे. दुसऱ्या चालू मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवून त्यावर विंडोज चढवा. डाउनलोड पाच जीबीच्या आसपास होतं, तेव्हा रोजच्या दीड जीबीच्या मोबाइल प्लॅनवर हे होणार नाही. कुठल्या तरी ग्रुपवर आलेली 'लाइट' विंडोज किंवा सोबत ॲक्टिव्हेटर दिलेली आयएसओ घेऊ नका. त्यात काय मिसळलंय ते कळत नाही, आणि याच मशीनवर तुम्ही नेट बँकिंग करणार आहात.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, यूईएफआय म्हणजे नव्या प्रकारचा बायोस, ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. कागदावर ४ जीबी असली तरी टॅली, क्रोम आणि एक्सेल एकत्र चालवायला ८ जीबीच्या खाली जाऊ नका. आठव्या पिढीहून जुन्या मशीनवर फक्त इंटरनेट आणि पत्रं टाइप करायची असतील तर लिनक्स मिंट चांगली चालते. टॅली आणि सहीच्या टोकनचं काम असेल तर नवं मशीन घेणंच शहाणपणाचं.

पेन ड्राइव्ह लावून चालू करताना बूट मेनूचं बटण टकटकत राहा: डेल आणि लेनोव्होला एफ १२, एचपीला एफ ९, एसूसच्या लॅपटॉपला एस्केप, गिगाबाइट बोर्डला एफ १२, एमएसआयला एफ ११. एसरला एफ १२ चालतं, पण आधी एफ २ ने बायोसमध्ये जाऊन ते सुरू करावं लागतं. यादीत पेन ड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्यापुढे 'यूईएफआय' लिहिलंय तोच निवडा.

की विचारली की 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की' वर क्लिक करा. ब्रँडेड लॅपटॉपची की विंडोज ८ च्या काळापासून बायोसमध्येच असते आणि नेट लागल्यावर ॲक्टिव्हेशन आपोआप होतं. अट एकच, आवृत्ती पूर्वीचीच हवी. होमच्या लॅपटॉपवर प्रो टाकली की ॲक्टिव्हेशन अडतं. मदरबोर्ड बदलला असेल तरीही अडतं.

पुढे डिस्कची यादी येते आणि इथेच सगळ्यात मोठं नुकसान होतं. दोन डिस्क असतील तर डेटाची डिस्क आधीच काढून ठेवा. यादीत चुकीच्या ओळीवर बोट पडायची शक्यताच संपते. ते जमत नसेल तर साइजवरून ओळखा. ४७६ जीबी दिसते ती ५१२ ची एसएसडी, ९३१ दिसते ती एक टीबीची डिस्क. संपूर्ण डिस्क नव्याने करायची असेल तर तिच्यावरची सगळी पार्टिशन, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, डिलीट करून 'अनअलोकेटेड स्पेस' वर नेक्स्ट करा. लागणारी लहान पार्टिशन सेटअप स्वतः बनवतो. त्याच डिस्कवर डी ठेवायचा असेल तर फक्त जुन्या विंडोजच्या मोठ्या पार्टिशनला फॉरमॅट द्या.

यादी रिकामी आली तर घाबरू नका. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर व्हीएमडी हे डिस्क सांभाळणारं इंटेलचं सेटिंग चालू असतं आणि सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते ओळखायला लागणारा लहान प्रोग्राम, नसतो. कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन 'लोड ड्रायव्हर' करा. 'एमबीआर पार्टिशन टेबल' असल्यामुळे इन्स्टॉल होत नाही असं आलं तर तुम्ही यूईएफआय मोडमध्ये बूट केलंय आणि डिस्क जुन्या पद्धतीची आहे. डेटा बाहेर काढलेला असेल तर सगळी पार्टिशन उडवा, सेटअप डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीची करून घेतो. पहिल्या रीस्टार्टनंतर पुन्हा सुरुवातीचीच पाटी आली तर मशीन पेन ड्राइव्हवरूनच बूट होतंय, तो काढून घ्या.

हे सगळं होईपर्यंत डेस्कटॉप यूपीएसवर आणि लॅपटॉप चार्जरवर हवा.

ड्रायव्हर

पुढे विंडोज इंटरनेट मागते आणि वायफायचा ड्रायव्हरच नसतो. मोबाइल यूएसबी केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा, काम पुढे सरकतं. मग विंडोज अपडेट चालवा, रीस्टार्ट करा, पुन्हा चालवा. 'ऑप्शनल अपडेट्स' मधले ड्रायव्हरही बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह उरलं तर लॅपटॉपच्या खालच्या बाजूचा सीरियल नंबर टाकून कंपनीच्याच साइटवरून ड्रायव्हर घ्या, आधी चिपसेटचा, मग ग्राफिक्सचा. ड्रायव्हर शोधून देणारे फुकटचे प्रोग्राम टाकू नका, त्यांच्यासोबत नको ती चार सॉफ्टवेअर येतात.

कामाचे प्रोग्राम

टॅली: प्रोग्राम टाकून डेटाचा फोल्डर जागेवर ठेवा आणि कंपनी उघडते का ते आधी बघा. लायसन्स जुन्या मशीनवरून सरेंडर करायची संधी मिळालेली नसते, त्यामुळे सीरियल नंबर आणि ज्या मेल आयडीवर लायसन्स घेतलं तो ॲडमिनचा मेल हाताशी लागतो. अनलॉक की त्याच मेलवर येते. तो आयडी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा असेल तर आजच बदलून घ्या.

डिजिटल सही: प्रमाणपत्र टोकनच्या आत असतं, फॉरमॅटने जात नाही. टोकनवर लिहिलेल्या कंपनीचा ड्रायव्हर टाका, मग जीएसटीच्या साइटवर सही करू देणारा एमसायनर हा प्रोग्राम. ड्रायव्हरच्या खिडकीत 'इनिशियलाइझ' असं बटण दिसेल, त्याला हात लावू नका. आतलं प्रमाणपत्र कायमचं पुसलं जातं. पासवर्ड सारखा सारखा चुकला की टोकन लॉक होतं.

डॉट मॅट्रिक्स: ड्रायव्हर टाकला तरी बिल अर्धवट छापतं किंवा कागद दर वेळी थोडा पुढे सरकतो, कारण कागदाचं माप गेलेलं असतं. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज' उघडा, 'क्रिएट अ न्यू फॉर्म' ला टिक करा, तुमच्या कागदाची रुंदी आणि उंची द्या (१० बाय ६ इंच असेल तर २५.४ आणि १५.२४ सेंटिमीटर), नाव देऊन सेव्ह करा. मग त्या प्रिंटरच्या प्रेफरन्सेसमध्ये आणि टॅलीच्या प्रिंट सेटिंगमध्ये तोच फॉर्म निवडा. गुळाच्या पट्ट्या छापणाऱ्या अडत दुकानात याच एका मापासाठी दिवस जातो.

मराठी टायपिंग: युनिकोड इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्येच आहे, 'लँग्वेज' मध्ये मराठी जोडा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधल्या जुन्या फाइली मात्र तोच फॉन्ट असल्याशिवाय अगम्य अक्षरांत दिसतात. फाइल बिघडलेली नसते. बॅकअपमधले फॉन्ट टाकले की वाचता येते. तोवर ती सेव्ह करू नका.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात कॅड-कॅमचं सॉफ्टवेअर डोंगलवर (लायसन्स असलेल्या यूएसबी काडीवर) चालत असेल तर आधी डोंगलचा ड्रायव्हर, मग डोंगल. यूएसबी प्रिंटर आणि अंगठ्याच्या मशीनलाही हाच क्रम.

एकाच टॅलीवर तीन-चार मशीन चालत असतील तर वहीत लिहिलेलं जुनंच नाव आणि जुनाच आयपी या मशीनला द्या, म्हणजे बाकीच्यांना हात लावावा लागत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून बिनपासवर्डचं शेअरिंग बऱ्याच ठिकाणी अडतं. शेअरिंगसाठी पासवर्ड असलेला एक वेगळा युझर करा.

चालू झाल्यावर त्याच दिवशी

सगळं मनासारखं चालतंय याची खात्री झाली की पूर्ण सी ड्राइव्हची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, बाहेरच्या डिस्कवर घ्या. क्लोनझिला मोफत आहे. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्येही 'सिस्टिम इमेज' चा पर्याय आहे. पुढच्या वेळी ड्रायव्हर, लायसन्स, फॉर्म, फॉन्ट यांसकट मशीन तासाभरात पूर्ववत होतं. बिटलॉकर चालू आहे का बघा आणि किल्ली कागदावर छापून ठेवा.

रोजच्या डेटाच्या दोन प्रती ठेवा, आणि त्यातली एक दुकानाबाहेर. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरी कुंभार गल्लीपर्यंत पंचगंगेचं पाणी आलं होतं. काउंटरखालचा कॉम्प्युटर आणि त्याच ड्रॉवरमधली बॅकअपची डिस्क अशा वेळी एकदमच भिजतात. एक प्रत घरी वरच्या मजल्यावर किंवा क्लाउडवर असू द्या. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवा, कायम जोडलेली नको. महिन्यातून एकदा त्यातली टॅलीची कंपनी दुसऱ्या मशीनवर उघडा आणि शेवटच्या व्हाउचरची तारीख बघा. तारीख मागची असेल तर बॅकअप चुकीच्या फोल्डरचा होतोय.